मीटरमधले तांबडे दिवे

नगर-पारनेर रस्त्यावर माझी जीप वडापला होती, सीटा भरून माणसं ने-आण करायची, तेव्हाची गोष्ट. दिवस मावळला की इस्टेरिंगपुढच्या मीटरमधल्या बल्बाचा पिवळा उजेड मला पुरेनासा झाला होता. काटा पुसट दिसायचा. डोळे अधू झालेत हे आतून कळत होतं, पण आंधळ्याच्या गाडीत कोण बसेल? एकदा बोभाटा झाला की धंदा बसला. म्हणून दोष बल्बाचा, असं मी ठरवून टाकलं.

नगरला एका वायरिंगवाल्याकडं एलईडी आले होते, हरभऱ्याएवढे. मीटर खोलून बल्बांच्या जागी बसवून द्यायचा.

"कंचे टाकू काका? हिरवे का तांबडे?"

"ज्याचा उजेड जास्त ते."

तांबडे टाकले. स्टँडवर सगळे ड्रायव्हर बघायला गोळा झाले. एक म्हणाला, "काका, मीटर हाय का जत्रंतला पाळना?" मी छाती काढून उभा.

त्याच संध्याकाळी बायको बाजार करून माझ्याशेजारी पुढं बसली. मागं सीटा भरलेल्या. पारनेरच्या अलीकडं चढ लागला तशी ती म्हणाली, "अवो, जळाल्याचा वास येतोय."

"गप बस. काटा जागंवर हाय."

खरं म्हणजे मला काटा दिसतच नव्हता. इंजिन तापल्याची खूण मीटरच्या टोकाला तांबड्या रंगात असते. पिवळ्या उजेडात तेवढा डाग तरी वेगळा कळायचा. आता तांबड्या उजेडात पांढरा काटा काय नि तांबडी खूण काय, सगळं एकच झालं होतं.

मागून शाळेचे तरुण गुरुजी म्हणाले, "काका, एकदा बघा की."

"बघितलं! का इस्टेरिंग तुमच्या हातात देऊ?"

मागं हशा पिकला. तो विरतोय तोवर बॉनेटमधून वाफ फुटली. सगळे खाली उतरले. गुरुजींनी खिडकीतून डोकं आत घालून मीटरला नाक लावलं. "हा तर पार टोकाला गेलाय. तुम्हाला दिसला कसा नाही?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"दिसला हुता त्यांना," बायको म्हणाली. "मीच म्हनले थांबू नका. म्हैस धारंची खोळंबलीय."

मग काय, सगळे तिच्यावर तुटून पडले. बायकांच्या नादी लागून गाडी जाळली, म्हशीपायी माणसं मारली असती. तिनं पदर पुढं ओढला आणि ऐकून घेतलं. एक शब्द बोलायचा होता मला. मी कॅन उचलला आणि वस्तीवर पाणी आणायला गेलो.

इंजिन निवल्यावर निघालो. घरापर्यंत ती मधूनमधून माझ्याकडं वाकून हळूच सांगत होती, "काटा मधी हाय. आजून मधीच हाय." मी समोर रस्त्याकडं बघत गाडी हाकत राहिलो.

दिवे तसेच ठेवले. काढले असते तर का काढले हे सांगावं लागलं असतं.

पुढच्या बाजारी ती नेहमीसारखी पुढं बसायला आली. गुरुजी हसून म्हणाले, "काकू, आज मागं बसा. काकांना शांतपणे चालवू द्या." सगळे हसले. मी पण हसलो. ती माझ्याकडं बघत जराशी थांबली. मी चावी फिरवली, आणि ती पिशवी घेऊन मागं जाऊन बसली.