यादीतली राहिलेली ओळ

प्रणित पेणचा, रामवाडीचा. बापाचा गणपतींचा कारखाना. आमच्या रोह्याच्या कंपनीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा आणि शेजारच्या टेबलावर मी स्टोअर्सचे कागद रंगवायचो. पोरगा हुशार होता आणि तेवढाच भित्रा.

नव्व्याण्णव साली त्याने गॅसगळतीचा प्रोग्राम लिहिला. गॅस वाढला की कॉम्प्युटरचा पडदा लाल आणि शेडमधला भोंगा सुरू. असा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर न्यायचा तर त्याचं पॅकेज करतात आणि सोबत दोन याद्या देतात: तो बांधताना काय काय लागतं त्याची एक, चालताना काय लागतं त्याची दुसरी. दुसऱ्या यादीतलं काही नसलं की मशीन अडून बसतं, पॅकेज घेतच नाही. म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते.

प्रणितने पहिली यादी चोख लिहिली. दुसरीत भोंगा वाजवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं नाव लिहायचंच राहिलं. त्याच्या मशीनवर तो आधीपासून होता. त्यात पेणचं वळण! मूर्ती कारखान्यात घडते, पण ती न्यायला पाट गिऱ्हाईकच घेऊन येतं, तो सांगावा लागत नाही. तसंच हेही शेडवाल्यांकडे असणार, असं हा शहाणा धरून चालला.

यादीत नावच नव्हतं, म्हणून शेडमधल्या नव्या मशीनने पॅकेज निमूट घेतलं. आकडे हलू लागले, साहेबांनी पेढे वाटले. भोंगा एकदा वाजवून बघावा हे आमच्यातल्या एकाही दीडशहाण्याला सुचलं नाही.

दोन महिन्यांनी भर दुपारी गॅस सुटला. शेडमध्ये जगन हा कामगार एकटाच होता, पडद्याकडे पाठ करून गाळणी धूत. पडदा लाल झाला. भोंगा वाजला नाही. जगन गेला.

चौकशीच्या कागदावर आलं: मशीनमध्ये इशारा दिल्याची नोंद आहे, कामगार झोपला असावा. नोंदीच्या खालची ओळ, ‘आवाजाचा प्रोग्राम सापडला नाही’, फक्त प्रणितने वाचली. त्याने राहिलेलं नाव यादीत घातलं, नवी फ्लॉपी पाठवली आणि तेव्हापासून तो बिघडला. बोलता बोलता थांबायचा, मान वर करून विचारायचा, "ऐकलंस?" काहीच वाजत नसायचं. त्याने सगळं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस. त्याची मला आजही लाज वाटते.

वर्षाने तो मला ओढत जगनच्या घरी घेऊन गेला. जगनच्या बायकोने, राणीने, आम्हाला पाणी दिलं.

"तेरा वर्सं ड्युटी केली नि शेवटाला झोपला," ती म्हणाली. "भोंगा बोंबलतोय नि हा झोपलाय. पोरगी शाळंत जायाला लाजते. फोटोपन नाय लावला मी त्याचा."

प्रणितने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"भोंगा वाजलाच नाय, वहिनी," तो म्हणाला. "चूक माझी हाय. एक नाव लिहायचं राहिलं माझ्याकडून."

ती ना रडली, ना तिने शिव्या दिल्या. आत वळून लेकीला हाक मारली, "सोनी, भायेर ये गो. तुझा बा झोपला नवता."