मालनने बसवलेला पांढरा दिवा

साकीनाक्याच्या उतारावर एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीत, दुसऱ्या मजल्यावर, जयंतीभाईंचा दिव्यांचा कारखाना होता. हे दिवे घरात लावायचे नव्हेत. मशीनच्या पॅनेलवर बोटाच्या पेराएवढे लाल, हिरवे, पिवळे दिवे असतात ना, मशीन चालू आहे की बिघडलंय ते सांगणारे, तसले. सात बायका आणि दोन पुरुष मिळून दिवसाला तीनेकशे दिवे बनवत, आणि त्यातला प्रत्येक दिवा बाहेर पडण्याआधी मालन तावडेच्या हातांखालून जाई. ती तो तारेला लावून पेटवायची, अंगठ्याने टकटक ठोकायची, परत पेटवायची. ठोकल्यावर जो विझेल तो बाजूच्या डब्यात. जयंतीभाई चहा पिताना गिऱ्हाइकांना सांगायचे, "मालनबेनचा पास झालेला दिवा परत आला तर मी मिशी उतरवीन." त्यांना मिशी नव्हती, पण म्हणण्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा.

मालन वेंगुर्ल्याकडची. लग्न होऊन मरोळच्या चाळीत आली तेव्हा तिचा नवरा जयवंत परळच्या गिरणीत होता. ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीचा दरवाजा काही त्याच्यासाठी पुन्हा उघडेना, तेव्हा मालनने दोन महिन्यांपुरतं म्हणून हे काम धरलं. दोन महिन्यांची तीन वर्षं झाली. जयवंत मधल्या काळात खोक्यांच्या कारखान्यात लागला, घर रांगेला लागलं, तरी मालनने काम सोडलं नाही. तिला ते आवडायला लागलं होतं, एवढं साधं कारण होतं. पण चाळीत ते कुणाला पटत नसे.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात एक दिवस जिन्यावरून दणदण पावलं वाजली आणि हरेश्वर आत शिरला. हरेश्वर वेसाव्याचा कोळी, होड्यांच्या इंजिनांचा नावाजलेला मेकॅनिक. गेली दोन वर्षं तो चकाल्याच्या एका गॅरेजात चंद्रप्रकाश नावाच्या तरुण शेठची शर्यतीची गाडी सांभाळत होता. त्याने मालनच्या टेबलावर एक लाल दिवा आपटला.

"बाय, ह्यो तुमचा दिवा. दुसरं इंजिन खाल्लंन ह्यानं."

"दिव्याने इंजिन कसं खाल्लं?" मालन म्हणाली.

हरेश्वरने मग उभ्या उभ्या सगळं सांगितलं. इंजिनात तेल नुसतं भरलेलं असून भागत नाही, ते दाबाने सगळीकडे फिरत राहावं लागतं. दाब उतरला की लोखंडावर लोखंड घासतं आणि मिनिटभरात सगळं जळून जाम होतं. डॅशबोर्डवर दाब दाखवणारा काटा असतो, पण ताशी नव्वद मैलांनी वळण घेणारा माणूस काट्याकडे बघणार कधी? म्हणून चंद्रप्रकाशने जयंतीभाईंकडून हा लाल दिवा नेला होता. दाब उतरला की लागायचा, लागला की गाडी थांबवायची. "आणि दोन्ही वेलेला पोरगा बोलतो, दिवा लागलाच नाय. आता सांगा, दोष कोनाचा?"

मालनने दिवा तारेला लावला. लागला. ठोकला, तरी लागला. गरम पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवला, तरी लागलेलाच. हरेश्वर डोकं खाजवत बघत राहिला. जयंतीभाईंनी मात्र हात जोडले. "मालनबेन, तुम्ही स्वतः जाऊन गाडीत बघून या. माझी इज्जत आहे."

शनिवारी दुपारी मालन चकाल्याला गेली. पिशवीत तीन दिवे होते, लाल, हिरवा, पिवळा. कुठला लागेल सांगता येत नाही म्हणून. गाडी उन्हात उभी होती, हरेश्वरने तोच लाल दिवा परत तिच्या डॅशबोर्डवर बसवलेला. होती फियाटच, पण आतून सगळं काढून टाकलेलं, एक सीट आणि लोखंडी नळ्यांचा सांगाडा. चंद्रप्रकाश सीटवर बसला होता. पंचवीस-सव्वीसचा, हसतमुख, अंधेरीतच वाढलेला. वडिलांचे ट्रक होते.

"या मालनताई. तुमच्या दिव्याने माझी वाट लावली," तो म्हणाला, पण राग काही दिसला नाही.

हरेश्वरने बॉनेटखाली डोकं घातलं, इंजिनावरच्या स्विचची तार काढून बॉडीला टेकवली, दाब उतरल्यावर होतं तसंच, आणि ओरडला, "लागला?"

"नाही," चंद्रप्रकाश म्हणाला.

मालन दुसऱ्या दारातून वाकून बघत होती. दिवा लागलेला होता. भर उन्हात थोडा फिका, पण लालभडक लागलेला. ती बोलणारच होती, तेवढ्यात तिची नजर चंद्रप्रकाशच्या तोंडाकडे गेली. तो सरळ त्या दिव्याकडेच बघत होता, प्रामाणिकपणे, कपाळाला आठी घालून.

मालनने तोंड मिटलं. तिने पिशवीतले तिन्ही दिवे तळहातावर घेतले आणि हात पुढे केला. "शेठ, यातला जरा हिरवा द्या बघू."

चंद्रप्रकाशचा हात हवेत थांबला. पिवळ्यावरून लालवर गेला, परत पिवळ्यावर आला. मग तो हसला. "तुम्हीच घ्या ना ताई, माझे हात तेलाचे आहेत."

हात स्वच्छ होते.

मालनला तिचा मोठा भाऊ धोंडू आठवला. वैशाखात कोकमाचे रातांबे पिकले की बाप त्याला झाडावर चढवायचा, आणि धोंडू टोपलीभर कच्ची हिरवी फळं घेऊन उतरायचा. हिरव्या पानांत लाल फळं नुसती लखलखत असायची. धोंडूला ती पानांहून वेगळी दिसायचीच नाहीत. बापाला वाटायचं पोरगा मुद्दाम करतो. मार बसायचा. गावातली पोरं त्याला आंधळा म्हणायची, आणि धोंडू पुढेपुढे कुणी काही रंगाचं विचारलं की असाच हसून उठून जायचा.

"ओ बाय, काय झालं?" बॉनेटमागून हरेश्वर विचारत होता.

"दिव्यातच दोष आहे," मालन म्हणाली. "बदलून देते."

तीन वर्षांत आपल्या हातून पास झालेल्या दिव्याबद्दल ती पहिल्यांदाच असं बोलली. परत आल्यावर जयंतीभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलणं टाकलं. मालनने तेही गिळलं.

सोमवारी चंद्रप्रकाश नवा दिवा न्यायला आला, तेव्हा बायका डबे खायला गेल्या होत्या. मालनने त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि धोंडूची सगळी गोष्ट सांगितली, रातांब्यांसकट. त्याच्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चंद्रप्रकाशने टेबलावरचा एक दिवा उचलून बोटांत फिरवला.

"शाळेत चित्रकलेच्या सरांना कळलं होतं," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी मला झाड तपकिरी आणि जमीन हिरवी करताना पाहिलं. घरी सांगितलं नाही त्यांनी. मीही नाही. ताई, हे कळलं तर मला गाडीत बसू देणार नाहीत."

"दिवा लागलेला तुम्हाला दिसतच नाही?"

"रात्री दिसतो. उन्हात काळ्यावर काळं."

"आणि शर्यतीत लाल झेंडा दाखवतात तो?"

"झेंडा हलताना दिसतो ना. हलला की मी समजतो."

मालनने त्याच्या हातातला दिवा काढून घेतला. "हे बघा, दिवा मी असा करून देते की तुम्हाला दिसेलच. पण हरेश्वरदादांना तुम्ही स्वतः सांगायचं. तो माणूस तुमच्या गाडीखाली झोपतो. त्याला ठाऊक नको?"

चंद्रप्रकाशचं तोंड एवढंसं झालं. तो उठून गेला. मालनला वाटलं, आपण फार बोललो; आता हा काही यायचा नाही.

तरी तिने दिवा केला. लाल टोपण काढून टाकलं, साधी पांढरी काच बसवली, आत दुप्पट ताकदीचा बल्ब. नुसता पेटून राहिलेला दिवा उन्हात विसरला जातो, म्हणून स्कूटरच्या वळायच्या दिव्याला असतो तो फ्लॅशर आणून तारेत घातला. आता दिवा लुकलुकू लागला, टक-टक, टक-टक. दुपारी बारा वाजता ती तो गच्चीवर घेऊन गेली, भिंतीवर ठेवला आणि पाठ करून उभी राहिली. मग हळूच मान वळवली. डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसत होता.

गुरुवारी हरेश्वर आला. या वेळी जिन्यावर पावलं वाजली नाहीत. तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"पोरानं सांगितलंन," तो म्हणाला. "आदी तर वाटलं कानाखाली द्यावी. दोन इंजिनं, बाय! आनी मी तुमाला काय काय बोललो." आणि मग, "बोलताना डोल्यात पानी आलं त्याच्या. मी बोललो, अरे रडतो काय, मी काय लाल हाय? दिसतो ना तुला मी?"

मालन इतकी हसली की डबे खाणाऱ्या बायका वळून बघायला लागल्या.

त्या दोघांनी मिळून मग ठरवलं. दिवा डॅशबोर्डच्या वर, काचेला लागून, थेट नजरेसमोर. आणि शर्यतीत कडेला उभं राहून काही खूण करायचीच झाली, तर हरेश्वर झेंड्याऐवजी पांढरी चादर हलवणार.

जानेवारीच्या एका रविवारी कल्याणच्या पुढे, युद्धाच्या काळातल्या एका पडीक धावपट्टीवर शर्यत होती. मालन गेली, आणि एकटीला कसं पाठवायचं म्हणून जयवंतही गेला. ड्रम आणि टायर मांडून वळणं केली होती. धूळ, पेट्रोलचा वास, कानठळ्या बसवणारे आवाज. पंधरा फेऱ्या. चंद्रप्रकाश चौथा होता, मग दुसरा झाला, दहाव्या फेरीला पहिला. जयवंत गिरणीच्या क्रिकेट मॅचला ओरडायचा तसा ओरडत होता. मालनने पदराचं टोक दातांत धरलं होतं.

बाराव्या फेरीला पहिली गाडी वळणावरून बाहेर आली आणि एकदम तिचा आवाज मेला. नुसती घरंगळत ती कडेच्या गवतात जाऊन उभी राहिली. मागच्या गाड्या सूं सूं करत निघून गेल्या.

"गाडी बंद पडली ती तुझ्या दिव्यामुळा काय गो?" जयवंतने विचारलं.

"माका ठावक नाय," मालन म्हणाली आणि धावत सुटली. चपला हातात घेऊन, गवतातून. दिवा उगाच लागला असेल तर? हादऱ्यांनी तार कुठे बॉडीला टेकली असेल तर? पोरगा पहिला येत होता, आणि आपल्या हातच्या दिव्याने त्याला थांबवलं. वेगाने वळणावर असताना आपण कधी ठोकून पाहिला होता तो? टेबलावर अंगठ्याने ठोकणं वेगळं.

ती पोचली तेव्हा चंद्रप्रकाश हेल्मेट काढून गवतात उभा होता. "लागला ताई," तो म्हणाला. "लागला तसा मी लगेच बंद केलं."

हरेश्वर बॉनेटमध्ये वाकला होता. मग त्याने हात बाहेर काढला. कोपरापर्यंत काळं तेल निथळत होतं.

"नली सैल झाली," तो म्हणाला. "सगलं तेल बाहेर. अजून अर्धी फेरी मारली असती ना, तर तिसरं पन गेलं असतं." त्याने तेल मोजायची काडी काढून पुसली, आत घातली, परत काढून पाहिली. इंजिन हाताने फिरवलं. फिरलं, अगदी सैल, गुळगुळीत. हरेश्वरने तोच तेलकट हात मालनच्या डोक्यावर ठेवला आणि मग स्वतःच दचकून मागे घेतला. मालनच्या केसांत तेल ते तेल. तिला त्याचं काही नव्हतं. ती गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली.

शर्यत दुसऱ्याच कुणीतरी जिंकली.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर हरेश्वरने नळी घट्ट केली, नवं तेल ओतलं. चंद्रप्रकाश म्हणाला, "मालनताई, बसा. एक फेरी." सीट एकच होती, म्हणून पोतं घडी करून शेजारी टाकलं आणि मालन लोखंडी नळीला धरून त्यावर बसली. जयवंत "अगो, अगो" करेपर्यंत गाडी सुटलीसुद्धा. पहिल्या वळणावर मालनने डोळे मिटले. दुसऱ्यावर उघडे ठेवले. तिसऱ्यावर ती मोठ्याने ओरडली, "अजून जोरात, चंदू!" आणि तिच्या तोंडचं 'शेठ' गळून पडलेलं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या वर्षी चंद्रप्रकाश मद्रासच्या शर्यतीत तिसरा आला. त्यानंतर दोन हंगाम खेळला आणि मग वडिलांचे ट्रक बघू लागला. डॉक्टरकडे जाऊन डोळ्यांचं कागदावर घेऊन आला आणि घरीही सांगितलं. आई म्हणे एवढंच म्हणाली, "म्हणून तुला कधी टोमॅटो पिकलेले आणता आले नाहीत होय." हरेश्वर परत वेसाव्याला होड्यांकडे गेला. दर दोन-तीन महिन्यांनी तो न सांगता मरोळच्या चाळीत उगवायचा, पिशवीत पापलेटं असायची, आणि जयवंतबरोबर क्रिकेटवरून वाद घालत उशिरापर्यंत बसायचा.

जयंतीभाईंना खरी हकीकत कळली तीही हरेश्वरकडूनच. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर मालनच्या टेबलापाशी खुर्ची ओढली, दोन कप चहा मागवला आणि म्हणाले, "मालनबेन, माझ्या दिव्याबद्दल खोटं बोललात तुम्ही."

"होय," मालन म्हणाली.

"बरं केलंत," जयंतीभाई म्हणाले, आणि चहा बशीत ओतून फुंकर घालू लागले.