लिफ्टबाहेरची पाटी

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर तिशीचा एक भाडेकरू राहायचा. आयटीत नोकरीला होता, स्वमग्न होता. गेटवर हॉर्न वाजला की दोन्ही कान दाबून जागीच थिजायचा. मग खास त्यासाठी शिकवलेला त्याचा कुत्रा अंगाचा भार टाकून त्याच्या पायांना टेकायचा, आणि त्याचे हात हळूहळू खाली यायचे.

सभासदांना लिफ्टमध्ये कुत्रा नको होता. सेक्रेटरी मी, म्हणून पाटी मीच लिहिली : ‘कुत्र्यांनी आपल्या मालकांना लिफ्टमध्ये आणू नये.’ सगळे खूश झाले. काहींनी फोटो काढले.

दुसऱ्या दिवसापासून दोघेही जिना चढू लागले. आठवडाभराने कुत्रा लंगडताना दिसला, तेव्हा मी म्हणालो, "अहो, बंदी कुत्र्याला आहे, तुम्हाला नाही."

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "पाटी बरोबर आहे. मला हाच आणतो. हा नसला तर मी दाराबाहेर पडत नाही."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी चोख उत्तर दिलं असतं.

पुढच्याच महिन्यात त्याने घर सोडलं. पाटी अजून आहे. पाहुणे वाचून हसतात, आणि सभासद कौतुकाने माझ्याकडे बोट दाखवतात, "यांनी लिहिलीय."