आप्पांचं औषध

काल निपाणीच्या एका दवाखान्यात शेजारच्या बाईंनी मुलाला खोकल्याचं औषध पाजलं आणि त्या गोड, उग्र वासासरशी मला सदलग्याच्या आमच्या घरातली एक दुपार आठवली.

मी तेरा वर्षांची होते, खोकून बेजार झालेली. कपाटातल्या एका बाटलीला घरात सगळे ‘आप्पांचं औषध’ म्हणत. मी वाटी घेऊन वडिलांपुढे उभी राहिले. “आप्पा, तुमचं औषध मलाबी द्या की.”

बाजूला बसलेले काका हसले; थोरला भाऊ म्हणून ते आप्पांना अण्णा म्हणत. “दे की रं अण्णा! दोन चमच्यानं काय हुतंय? छाती मोकळी हुईल पोरीची.”

आप्पांनी बाटली उचललीही. मग माझ्याकडे बघून ती खाली ठेवली. “औषध न्हाय गं ते. दारू हाय. मला सुटंना, म्हणून तुला खोटं सांगत आलो.”

मला वडिलांची इतकी लाज वाटली, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही.

आज मी दारूविरुद्ध पत्रकं लिहिते आणि त्यांत आईबापांना खडसावते. ते सोपं असतं. आप्पांची दारू पुढेही सुटली नाही. त्या दुपारी मात्र माझ्या नजरेतून उतरायची त्यांची तयारी होती. मी दारू प्यावी, याची तयारी नव्हती.