रिकामा रस्ता आणि मागचं गेट

“मॅडम, हे शेवटचं वाक्य तेवढं काढून टाका. बाकी रिपोर्ट झकास आहे.”

विद्यापीठाचे रजिस्ट्रार कोठेकर यांनी माझाच रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. वाक्य साधं होतं : मागचं गेट वाहनांसाठी उघडू नये.

“ते काढलं तर रिपोर्टमध्ये उरेल काय?” मी विचारलं.

“आकडे उरतील ना! आकडे तर आमच्याच बाजूने आहेत.”

दुर्दैवाने हे खरं होतं.

मी ट्रॅफिक इंजिनिअर. कुठे मोठं बांधकाम होणार असेल तर आसपासच्या रस्त्यांवर किती वाहनं वाढतील आणि रस्त्यांना ती पेलतील का, हे मोजून सांगायचं. याला ट्रॅफिक इम्पॅक्ट स्टडी म्हणतात. क्लायंटला बहुतेक वेळा स्टडी नको असतो, सर्टिफिकेट हवं असतं.

हे खाजगी विद्यापीठ आधी एक कॉलेज होतं. मग शेजारी फार्मसी आली, मग मॅनेजमेंट, मग विद्यापीठाचा दर्जा. आता मागच्या मोकळ्या जागेत नव्या इमारती उभ्या होत्या. पुढचं गेट हायवेवर, आणि तिथे सकाळी चक्का जाम. म्हणून मागच्या भिंतीला गेट पाडायचं ठरलं. भिंतीपलीकडे घरांचा लेआउट. नागपुरात कॉलनीला लेआउटच म्हणतात.

मी येण्याआधीच भिंत फोडून गेट केलंही होतं. बांधकामाच्या ट्रकसाठी, तात्पुरतं. ट्रकच्या मागून विद्यार्थी आले. पार्किंग पुढच्या बाजूला आणि वर्ग मागच्या बाजूला, त्यामुळे मुलं लेआउटमध्ये बाइक लावायची आणि पायी आत जायची.

आम्ही लेआउटचा रस्ता मोजला. मोजताना सगळी वाहनं एका मापात आणतात. कार एक धरली तर दुचाकी साधारण अर्धी, बस तीन. रस्ता किती पेलेल तेही याच मापात निघतं. हिशेब केला तर रस्ता अर्ध्याहून जास्त रिकामा. कोठेकर साहेबांनी तो आकडा हायलाइटरने पिवळा केला होता.

वाक्य आलं ते नंतर, लेआउटच्या मीटिंगमधून.

मीटिंग हनुमान मंदिराच्या मंडपात होती. अध्यक्ष उमाटे सर, रिटायर्ड हेडमास्तर. मला वाटलं, लोक एकजुटीने गेटच्या विरोधात असतील. कशाचं काय! पहिला वाद समितीच्या नावावर. ‘बचाव समिती’ म्हणावं की ‘संघर्ष समिती’? तो मिटेपर्यंत चहा दोनदा आला. मग दुसरा वाद. अर्ध्या घरांत मुलांना रूम भाड्याने दिलेल्या. त्यांना गेट हवं होतं.

“गेट बंद केलं तं पोट्टे दुसऱ्या लेआउटमधी जातीन. आमी काय रिकाम्या रूमले हार घालावा?” चौधरीबाई म्हणाल्या. त्यांच्या वरच्या मजल्यावर मुलं राहायची.

“म्हणजे तुमच्या भाड्यासाठी आम्ही धूळ खावी?” मागून कोणीतरी ओरडलं.

मी बॅग उचलली होती. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या शोभाताई वानखेडे उठल्या. आवाज बारीक, तरी ओरडणारा खाली बसला.

“मॅडम, आमच्या यायले डायलिसिसले न्या लागते. हप्त्यातून तीन डाव. ऑटो घरापर्यंत येत नाही, फाटकापुढं बाइकाच बाइका. मंग यायले धरून कोपऱ्यापर्यंत चालवत नेतो. परवा मधातच खाली बसले, भर रस्त्यावर. मी पोट्ट्यायले म्हटलं, बाप्पा, गाडी सरकवा. तं म्हणे, आंटी, पाच मिनट.”

चौधरीबाईंचा चेहरा उतरला. “काहून वं शोभा, मले सांगितलं काहून नाही?”

“काय सांगू? तुह्याच रूमवरचे होते.”

त्यानंतर भाड्याचा विषय कोणी काढला नाही.

मी उमाटे सरांना विचारलं, “तुमच्या स्वतःच्या गाड्या कुठे असतात? रस्त्यावर एकही दिसली नाही.”

“आत, कंपाउंडमध्ये. रस्त्यावर लावायची नाही असं आम्ही पहिल्यापासून ठरवलंय,” सर म्हणाले. “अंगण गेलं, बाग गेली, पण गाडी आत.”

म्हणजे रस्ता आपोआप रिकामा नव्हता. यांनी तो स्वतःची अंगणं देऊन रिकामा ठेवला होता, आणि विद्यापीठ तीच जागा शिल्लक समजून घेत होतं. घरी जाऊन मी ते वाक्य लिहिलं. उपायही लिहिला : मागे कॅम्पसच्या आत पार्किंग करा आणि पुढच्या गेटपासून तिथपर्यंत आतूनच रस्ता न्या.

“आतून रस्ता नेला तर लॉन कापावं लागेल,” कोठेकर म्हणाले.

“कापा ना.”

“मॅडम, ते चेअरमन साहेबांचं लॉन आहे.” एखाद्या देवस्थानाबद्दल बोलावं तसा त्यांचा सूर होता.

मी वाक्य काढलं नाही. त्यांनी रिपोर्ट स्वीकारला नाही. शेवटी ठरलं की चेअरमन स्वतः रस्ता बघतील आणि मी सोबत असेन.

आदल्या दिवशी विद्यापीठाच्या माणसांनी लेआउटच्या रस्त्याकडेला चुन्याच्या रेषा मारल्या. कोणीतरी मोठं येणार, हे अख्ख्या लेआउटला कळायला तेवढं पुरे होतं.

सकाळी चेअरमन साहेबांच्या लांबलचक गाडीतून आम्ही लेआउटमध्ये वळलो आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला. दोन्ही बाजूंना गाड्या. प्रत्येक घरासमोर त्या घराची गाडी, कडेला नीट लावलेली. मध्ये जेमतेम एका गाडीपुरती वाट. त्यातून हळूहळू आत गेलो, तर समोरून विद्यापीठाची बस. बससुद्धा आरामात जाते हे दाखवायला ती कोठेकरांनीच बोलावली होती. गाडी आणि बस नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

उमाटे सर फाटकाशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. कोठेकर काच खाली करून ओरडले, “अहो, या गाड्या काढा!”

“काहून जी? आपल्याच घरापुढं लावल्या. नो पार्किंगचा बोर्ड आहे काय कुठं?”

कोठेकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “बोर्ड नाही.”

तेवढ्यात मागून ऑटोचा हॉर्न वाजला. सरांनी पेपरची गुंडाळी करून हात वर केला. घराघरांतून माणसं, बाया बाहेर आल्या. एका बाजूच्या गाड्या सुरू झाल्या आणि एकेक करून आपापल्या कंपाउंडमध्ये गेल्या. ऑटो आमच्या शेजारून पुढे निघाला, शोभाताईंच्या दाराशी थांबला. चौधरीबाई आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरचा एक विद्यार्थी शोभाताईंच्या नवऱ्याला, प्रभाकररावांना, दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. शोभाताई पिशवी घेऊन बसल्या, ऑटो वळला आणि गेला. आमचा ड्रायव्हर गिअर टाकतो न टाकतो, तोच गाड्या परत बाहेर आल्या, होत्या तिथेच.

चेअरमननी काचेतून पुन्हा लागलेल्या गाड्यांवरून नजर फिरवली. मला वाटलं, त्या आजारी माणसाबद्दल काही बोलतील.

“कोठेकर, हे लोक असं रोज करू शकतात?”

मी म्हटलं, “हो सर. रोज.”

“लॉन किती जाईल?”

“एक कड.”

“कापा.”

एवढंच. आमची गाडी लेआउटबाहेर पडायला मात्र फार वेळ लागला, कारण मागे घेताना कोणी पेपर वर केला नाही.

गेटच्या जागी भिंत आली. पायी जाण्यापुरतं छोटं दार ठेवलं, म्हणून रूमवाले खूश. आतलं पार्किंग झालं. तरी आतपर्यंत जायचा कंटाळा करणारे काहीजण अजूनही लेआउटमध्येच बाइक लावतात. मग शोभाताई फोन करतात. विद्यापीठाला नाही, मला. “मॅडम, पुन्हा लावून राह्यले नं!” मी कोठेकरांना कळवते. ते म्हणतात, नोटीस लावली आहे. समितीचं नाव अजून ठरलेलं नाही.

एक सवय मात्र मी लावून घेतली. आता रस्त्यावर वाहनं मोजणारा काउंटर लावायच्या आधी मी लोकांच्या मीटिंगला जाते. डोकं उठतं, चहा फार होतो, आणि अर्धा वेळ लोक एकमेकांवरच ओरडत असतात. पण रस्त्यावरून किती गाड्या गेल्या एवढंच काउंटर सांगतो. ज्या रस्त्यावर दिसल्याच नाहीत त्या का नाही दिसल्या, ते विचारायला मंडपातच बसावं लागतं.