मावशींची रेघ

रविवार, संध्याकाळ. स्थळ: जव्हार, तलावामागची नवी बाग. उपस्थित: प्रमुख पाहुणे, ठेकेदार, बाग समितीचे सगळे सदस्य, बँडवाले, आमच्या आळीतल्या बायका आणि मावशी. मावशी सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. हजेरी मीच घेतली. समितीची चिटणीस मी.

मावशींना तुम्हीही कधी पाहिलं असेल. चप्पल बाजूला काढायच्या, लुगडं वर खोचायच्या, उजव्या पायाची टाच मातीत रोवायच्या आणि उलट्या चालत सुटायच्या. टाचेपुढे रेघ उमटत जायची. चौकोन पुरा झाला की हाक यायची, "या गं! चुली काय पळून नाय जात!"

मग बायकांची लंगडी सुरू व्हायची. आधी ही जागा नुसती मोकळी होती. बाजार उरकलेल्या भाजीवाल्या टोपल्या कडेला लावून खेळायच्या, शाळेतल्या बाई खेळायच्या, आणि रक्तदाबाची गोळी घेऊन मीही खेळायची. मावशी पंच. पण असा पंच कुठे मिळायचा नाही. कुणी बाद झालं की त्या हात झटकायच्या, "आऊट नाय गं. परत!"

"मावशी, पाय टेकला तिचा. मी पाहिलं," मी एकदा म्हटलं.

"तू हापिसात बघ. हितं मी बघते."

मावशी मूळच्या पोशेऱ्याच्या. जव्हारात एका वसतिगृहात स्वयंपाक करून निवृत्त झाल्या होत्या. तिथल्या मुली अजून आपल्याच हातच्या भाकरीवर पळतात, असं त्या कुणालाही ऐकवायच्या. बढाई मारायला त्यांना कारण लागायचं नाही.

पावसाळा सरला की त्या खेळाची जागा खळ्यासारखी करून घ्यायच्या. शेतात भात झोडायला करतात तसंच: माती भिजवायची, चोपायची, शेणानं सारवायची. सगळ्या बायका राबायच्या. सारवण वाळलं की पहिली रेघ मात्र मावशींच्या टाचेची. त्याआधी त्यावर कुणी पाय टाकायचा नाही.

मग बागेची योजना आली. जवळच्या शिरपामाळच्या टेकडीवर फिरायला येणारे पाहुणे इथेही थांबावेत, म्हणून चालायची वाट, बाक, व्यायामाची यंत्रं, दिवे. सूचना गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. मावशी म्हणाल्या, "सगळं करा. माझं खळं तेवढं ठेवा."

मी समजावलं, "अहो, पावसात चिखल होतो तिथे. पेव्हर ब्लॉक बसले की बारा महिने खेळता येईल. पाय मळणार नाहीत."

त्या म्हणाल्या, "तू बोलतेस म्हणजे असंल. तुझं काम पक्कं असतंय."

ते वाक्य मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं, कौतुक झालं म्हणून.

तर त्या रविवारी फीत कापून झाली. कार्यक्रमात मीच 'महिलांची लंगडी' घातली होती. मावशी इरकली लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी चप्पल काढली, टाच रोवली आणि उलट्या चालू लागल्या. ब्लॉकवर काहीच उमटलं नाही. त्या परत पहिल्या जागी आल्या, जोर लावून पुन्हा निघाल्या. बँडवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. पाहुणेही हसले.

मावशी त्यांच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाल्या, "म्हातारीची टाच झिजली बघा!"

सगळे आणखी हसले. मला मान वर करवेना. माझ्या पर्समध्ये सगळं असतं, खडूही होता. मी तो पुढे केला. मावशींनी वाकून, गुडघे धरत, कसाबसा चौकोन काढला.

खेळ सुरू झाला. भाजीवाली यमुना लंगडत वळली आणि ब्लॉकवर आपटली. गुडघा सोलून निघाला. सगळ्या थांबल्या आणि मावशींकडे पाहू लागल्या. आता त्या हात झटकणार, 'परत' म्हणणार.

मावशींनी पदरानं यमुनेचा गुडघा पुसला. "आऊट," त्या म्हणाल्या. "चला घरी."

जाताना माझ्यापाशी थांबल्या. "बाग झ्याक झाली गं. बायका बसतील ऐसपैस."

टोमणा असता तर मी काही उत्तर दिलं असतं. तो टोमणा नव्हता. त्या मला सांभाळून घेत होत्या.

त्याच आठवड्यात त्या पोशेऱ्याला भावाकडे गेल्या, त्या परत आल्या नाहीत. बायका बाकांवर बसतात. मोबाईल बघतात, उठून जातात. मीही बसते. व्यायामाचं एक यंत्र कुरकुरतं, तेवढाच काय तो आवाज.

पुढच्या सभेत मी एका कोपऱ्यातले ब्लॉक उचलायचा विषय मांडला.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्हीच बसवले आणि आता तुम्हीच काढणार? लोक हसतील."

"हसू देत. मला सवय व्हायला हवी," मी म्हटलं.

ब्लॉक निघाले. माती आली. यमुना आणि बाकीच्यांनी ती भिजवली, चोपली, सारवली. कोपरा वाळून तयार आहे. मी म्हटलं, "चला, आखू या." एकही पुढे झाली नाही.

"पयली रेघ मावशीची," यमुना म्हणाली. "तुमी घालवली, तुमीच आना."

दोनदा मी आवरून एसटी डेपोपर्यंत गेले. दोन्ही वेळा गाडी लागलेली होती, जागाही होती. मी भाजी घेऊन घरी आले.

बाकीची सगळी कामं झाली आहेत. पोशेऱ्याला जाणं राहिलं आहे.