आठवड्याची खाट

अट्राक्टा गिलहूली साक्षात संत आहे, असं आयर्लंडच्या लीट्रिममधल्या आमच्या गावात सगळे म्हणतात. म्हणायला काय जातं? अंथरुणाला खिळलेल्या आईचं हगणं-मुतणं ती वर्षानुवर्षं एकटी काढते. चर्चच्या दारात तिचे गोडवे गाणाऱ्या एकीनेही कधी तासभर म्हातारीजवळ बसून दाखवलेलं नाही. संत म्हटलं की मदत करावी लागत नाही, एवढी अक्कल आम्हाला आहे.

या अकलेचा मुकुटमणी म्हणजे तिचा भाऊ फर्गल. दर रविवारी डब्लिनहून यायचं, आईच्या कपाळाचा मुका घ्यायचा आणि भाजलेल्या मटणावर आडवा हात मारायचा, ही त्याची मातृभक्ती.

त्या रविवारी मी अट्राक्टाचं भांडं परत द्यायला गेले, तेव्हा फर्गल जेवायला बसला होता. तेवढ्यात नर्स मुलव्ही धापा टाकत आली. "अगं, वृद्धाश्रमात एक खाट आठवडाभर रिकामी आहे. उद्या आईला तिथे ठेवू, तू जरा विसावा घे. सरकारी सोय आहे, पण आत्ताच सांगावं लागेल."

"नको गं, माझं बरं चाललंय," अट्राक्टा म्हणाली.

आमच्याकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा हावरट ठरतो. साधा चहासुद्धा तिसऱ्या आग्रहाला घ्यायचा. नर्स इथलीच, तिने पुन्हा विचारलं.

"माझ्यापेक्षा गरजू असेल कुणीतरी," अट्राक्टा म्हणाली. पण ओटा तिने घट्ट धरला होता. तिला ती खाट हवी होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

नर्स तिसऱ्यांदा विचारणार, तोच फर्गल भरल्या तोंडाने बोलला, "दोनदा नको म्हणाली ना ती? आईला परक्यांच्या हाती द्यायचं नाही. अट्राक्टाला यातच आनंद आहे."

रीत त्यालाही पक्की ठाऊक होती, मेल्याला. नर्सने पिशवी उचलली.

"थांब," अट्राक्टा म्हणाली. "तू तिसऱ्यांदा विचारलं नाहीस तरी सांगते. हो. उद्या सकाळी ने तिला. मी समुद्रावर जाणार आणि नुसती झोपणार."

न विचारता हो! मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

फर्गलने काटा खाली ठेवला. "मग पुढच्या रविवारी माझं जेवण?"

"वृद्धाश्रमात जा," ती म्हणाली. "आईला भरव. तिचं उरलं तर तू खा."